चार संतांची पाठ

हॉलरीड, सोमवार, ८ ऑगस्ट १९४९

गेल्या नाताळाचं कार्डही तुझ्या नवऱ्याच्याच अक्षरात आलं. त्याच्या आधीचंही, त्याच्या आधीचंही. तीस वर्षं गोटहार्ड मला रेल्वेच्या वेळापत्रकासारखं लिहितो आहे : आम्ही खुशाल, हवा थंड, तुमची नात आफ्रा उंच झाली. जावई काय लिहितो ते वाचायची मला हौस नाही. मी मुलगी जन्माला घातली होती, तिचा कारकून नव्हे.

असो. चि. बुर्गल हिला आईचा आशीर्वाद. इकडे बरं आहे. गाय व्याली, कालवड झाली. गुडघे दुखतात. सरकारने वरच्या खोलीत आणून बसवलेली सायलेशियाची निर्वासित बाई अजून आहे. बिचारी स्वभावाने चांगली, पण पाव इतका पातळ कापते की त्यातून डोंगर दिसावा.

माझं एखादं अक्षर उलटं पडलं असेल तर कागद खिडकीवर धरून मागून वाच. शाळेत मी दोन हिवाळे गेले. बाकीची अक्षरं सासऱ्यांच्या बाकावर शिकले, काचेमागे संतांची नावं, पुढून सुलटी दिसावीत म्हणून, उलटी रंगवता रंगवता. घाई असली की हात अजून तिकडेच वळतो, आणि आज मला घाई आहे.

ऐक. गुरुवारी दुपारी मी दारच्या बाकावर वाटाणे सोलत बसले होते. मोटार आली. आतून उंच, काटकुळा, चष्मेवाला माणूस उतरला आणि म्हणाला, मी डॉक्टर क्रोल.

मी म्हटलं, "डॉक्टर, गाय चांगली आहे, माणसंही चांगली आहेत. घर चुकलात."

"मी चित्रांचा डॉक्टर आहे, आजी."

"मग उशीर केलात. आमचा चित्रकार बावीस सालीच गेला."

हसला. दात चांगले आहेत. म्युनिकहून आला होता. तिथे सप्टेंबरच्या दहा तारखेला मोठं प्रदर्शन आहे. पहिल्या युद्धाआधी ज्यांनी वेडीवाकडी चित्रं काढली आणि पुढे हिटलरच्या तपकिरी शर्टवाल्यांनी ज्यांच्यावर बंदी घातली, त्यांचं. त्यात आपली फ्रॉयलाइन ब्रांडिस आहे. तीच, जी दोन उन्हाळे आणि मधला एक हिवाळा आपल्या माळ्यावर भाड्याने राहिली, तुझ्या बापाकडून काचेवर रंगवायला शिकली आणि डोंगर जांभळे, रस्ते गुलाबी करायची. एकतीस सालापासून ती पुन्हा इथेच आहे, दफनभूमीच्या मागच्या घरात. फुलं रंगवते. अंडी माझ्याकडून घेते.

डॉक्टर म्हणाला, तेरा सालच्या शरदात तिने इथे एक चित्र काढलं होतं. त्यात घर नाही, झाड नाही, माणूस नाही, काहीच नाही. तिचं तसलं पहिलंच. त्याचा पत्त्याएवढा करडा फोटो तेवढा उरला आहे. "चित्र कुजलं, छत गळून. असं फ्रॉयलाइन सांगतात."

मी म्हटलं, "पुठ्ठाच तो. कुजायचाच."

मग त्याला काचेची चित्रं बघायची होती, ज्यांवरून ती शिकली ती. मी वाटाणे उचलून आत आले, तो माझ्या मागोमाग. चुलीवरच्या संत फ्लोरियानला त्याने खिळ्यावरून उतरवलं आणि उलटं केलं.

"मागे कारागिराची खूण असते का, आजी?"

"मागे कोळी असतो. राहू द्या, काजळी पडेल."

ऐकतोय कुठला. चौकटीत ठोकलेल्या चार बारीक चुका खिशातल्या चाकूने उपटल्या, पाठीचा पुठ्ठा सुटला, आणि त्याच्या आतल्या अंगाला, बुर्गल, हिरवा. काल रंगवल्यासारखा. छत्तीस वर्षं चुलीच्या धुराने फ्लोरियानचं नाक काळं झालं, आणि त्याच्या पाठीमागे हिरवा इतका ओला की बोट लावायची भीती वाटावी. त्यावरून एक काळी रेघ तिरकी गेलेली. काचेवर फ्लोरियान जे जळतं घर विझवतो, त्याच्या रंगाची लाल खपली तेवढी एका कोपऱ्यात चिकटली आहे.

डॉक्टरने मागे न बघता बूड टेकलं. तो माझ्या सोललेल्या वाटाण्यांवर बसला.

मग काय विचारतेस. त्याने निजायच्या खोलीतून संत बार्बारा उतरवली. गोठ्यातून संत लिओनार्डला मी स्वतः आणलं, धावत, या गुडघ्यांनी. बार्बारामागे निळा निघाला. लिओनार्डमागे लाल निघाला, गोठ्याच्या ओलीने कडेला डाग पडलेला, पण लालच. एका चित्राचे चार सरळ तुकडे, प्रत्येक आपल्या घरच्या काचेच्या मापाचा, आणि त्यांतले तीन माझ्या टेबलावर. तो चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा घालतो. मलाही काय झालं कोण जाणे. टेबलावरची भांडी मी धाडधाड खाली उतरवली. सायलेशियावाली जिन्यावरून ओरडली, "हास्लबेकबाई, आग लागली का?" मी म्हटलं, "लागलीय, तुम्ही झोपा."

"आजी," डॉक्टर म्हणाला, "तुम्ही हे वाचवलंत. त्या लोकांनी हे जाळून टाकलं असतं." आणि माझ्या हाताचं चुंबन घेतलं. हाताला गोठ्याचा वास होता. मी घेऊ दिलं.

हे तिथे कसं गेलं ते देवाला ठाऊक. तुझ्या बापाला पुठ्ठ्याची नेहमीच चणचण असायची, त्याने कापलं असेल, असं मी डॉक्टरला सांगितलं. तो पेपरात लिहिणार आहे. मथळासुद्धा ठरला आहे : "खेड्यातल्या आजीने संतांच्या पाठीशी लपवलेला ठेवा."

आता मुद्द्याचं. चौथा तुकडा नाही. त्या दिवसांत आपण चार संत पुरे केले होते आणि चौथी, तुझ्या नावाची संत वाल्बुर्गा, हातात तेलाची कुपी घेतलेली, तू लग्नात पिसांच्या रजईत गुंडाळून आउग्सबुर्गला नेलीस. चुका काढून बघ. आणि महिना संपायच्या आत ती घेऊन गाडीत बस. काच फुटली तर फुटली, पाठ सांभाळ. तुझ्या बापाने हे ऐकलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं.

तुझी आई,
क्रेसेन्शिया हास्लबेक
(पेपरात पूर्ण नाव छापणार आहेत, म्हणून लिहून पाहिलं.)


हॉलरीड, बुधवार, १७ ऑगस्ट १९४९

"वाल्बुर्गाला त्या चित्राचं काही आठवत नाही. संत स्वयंपाकघरात टांगलेली आहे, ती तिथेच बरी. हवा दमट." गोटहार्डचं कार्ड शनिवारी मिळालं. हवा दमट. मी एवढं मोठं पत्र लिहिलं, आणि मला आउग्सबुर्गची हवा कळली.

तुला आठवत नाही हे खोटं आहे. माझं मागचं पत्रही खोटं होतं. तेव्हा आपण फिट्टंफाट. आशीर्वाद आहेच, तो धरून चाल. हे पत्र आफ्राला मोठ्याने वाचायला देऊ नकोस. स्वतः वाच, लागला तर दिवसभर वेळ लागू दे.

सोमवारी मारियाचा सण होता. चर्चात मिस्सा झाली, औषधी झाडांच्या जुड्यांना आशीर्वाद झाला, मी घरी येऊन आलुबुखाराचा केक कापत होते तेवढ्यात डॉक्टर आला, आणि त्याच्या हाताला धरून फ्रॉयलाइन. बहात्तर वर्षांची आहे ती. काठी, गवती टोपी, नाक तेच. अठरा वर्षं ती दर शनिवारी माझ्या दारात अंडी घ्यायला येते, पण त्या दिवशी पहिल्यांदा टेबलापाशी बसली.

तिने तिन्ही तुकडे पाहिले. लिओनार्डच्या तुकड्यावरचा डाग नखाने टोकरला, वास घेतला.

"गाय?" तिने विचारलं.

"तीन गाई. एकामागून एक."

फ्लोरियानची लाल खपली डॉक्टर चिमट्याने काढायला गेला, तर तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. "राहू द्या. ती आता तिथलीच आहे."

मग ते तुकडे जुळवायला बसले. फोटो म्युनिकला, छापायला दिलेला. डॉक्टर तुकडे पत्त्यांसारखे फिरवतोय. हिरवा खाली, निळा आडवा, लाल वर. फ्रॉयलाइन म्हणते, नाही. पुन्हा फिरवतो. ती म्हणते, मलाही नीट आठवत नाही हो, छत्तीस वर्षं झाली. मी केक कापतेय आणि बघतेय. बाई, मला राहवेना. हिरवा असा खाली डोकं वर पाय करून ठेवल्यावर कुणाला राहवेल?

सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि लावले. हिरवा वर डावीकडे. निळा त्याच्या शेजारी, म्हणजे हिरवा कलायला लागला की निळा त्याला धरतो. लाल हिरव्याखाली. खालचा उजवा कोपरा मोकळा. एका दमात. आणि लावल्याबरोबर दिसलं की सगळं त्या मोकळ्या कोपऱ्याकडेच झुकलंय. मिस्सा चालू असताना दार वाजलं की सगळी माणसं माना वळवतात, तसं.

"आजी," डॉक्टर म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत?"

"मी कापलं, मला माहीत नसेल तर कुणाला असेल?"

आधी जीभ बोलली, मग मी ऐकलं.

"पण तुम्ही तर म्हणालात, तुमच्या यजमानांनी..."

"त्या वर्षी माझ्या यजमानांच्या हातात सुपाचा चमचा ठरत नव्हता. सुरी कुठून ठरणार?"

फ्रॉयलाइनने तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कडा सरळ आहेत, झेन्झी." क्रेसेन्शियाची ती मला अजून झेन्झीच करते.

"पोलादी पट्टी लावली होती."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "म्हणे छत गळलं, कुजलं, फेकून दिलं. तू बटाट्याची सालं फेकत नाहीस, पुठ्ठा फेकशील?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू अंडी ताजी देत होतीस."

डॉक्टर बिचारा अजून मथळा वाचवायला बघत होता. "पण शेवटी वाचलं ना, आजी. भिंतीवर राहिलं म्हणून वाचलं."

मी म्हटलं, "डॉक्टर, भिंतीत उंदीर अडकून राहिला म्हणजे भिंतीने उंदीर पाळला असं होत नाही. पेपरातून माझं नाव काढा."

आता तुझं. तू सतरा वर्षांची होतीस. बापाचे हात थरथरायला लागल्यावर संतांच्या डोळ्यातला पांढरा ठिपका तूच ठेवायचीस. काचेवर तो सगळ्यांत आधी. आधी ठिपका, मग बुबुळ, मग चेहरा, आणि आकाश शेवटी. ठिपका चुकला की संत आंधळा, पुसायची सोय नाही. तो तुझ्याइतका नेमका कुणाचा पडत नव्हता. त्या ठिपक्यावर आपण तिघं जेवत होतो. तेसुद्धा तू उजव्या हाताने ठेवायचीस, कारण डावा मास्तरने शाळेत बाकाला बांधला होता आणि घरी मी एप्रनच्या नाडीने.

ऑक्टोबरात एका दुपारी मी माळ्यावर दूध घेऊन आले. डोंगरावरचा कोमट वारा सुटला होता, सगळ्यांची डोकी दुखत होती. तू त्या पुठ्ठ्यासमोर उभी होतीस, कुंचला डाव्या हातात. मी दारात असतानाच तू खालच्या कोपऱ्यातून वर एक पिवळी रेघ ओढलीस. एकच. मला वाटलं होतं फ्रॉयलाइन तुला मारेल. ती टाळ्या वाजवत होती.

मी विचारलं, "हे कशाचं चित्र?"

तू म्हणालीस, "आई, हे कशाचं नाही. हेच आहे."

आणि ती म्हणाली, "झेन्झी, तिचा तो हात बांधू नकोस. वसंतात मी तिला बर्लिनला घेऊन जाते."

मी दूध ठेवून खाली आले. मी त्या चित्राचा विचार केला नाही. मी ठिपक्याचा विचार केला.

पुढच्या आठवड्यात ती आठ दिवस म्युनिकला गेली. तेव्हा मी कापलं. पुठ्ठा घरात भरपूर होता, हेही लिहून टाकते. ती सामान न्यायला परत आली त्या दिवशी तू मावशीकडे होतीस, तुला मीच धाडलं होतं. तिला मी सांगितलं की छत गळलं, चित्र कुजलं, आणि बुर्गलचं लग्न ठरतंय, ती येणार नाही. तुला मी काय सांगितलं ते तुला माहीत आहे : फ्रॉयलाइन चित्र घेऊन गेली, आणि जाताना म्हणाली की पोरीच्या त्या पिवळ्या रेघेने सगळं बिघडलं.

तिने असं म्हटलं नव्हतं. कधीच नाही. ते मी म्हटलं.

तू रडली नाहीस. खाली बसून बार्बाराचे डोळे पुरे केलेस. दोन्ही ठिपके नेमके पडले. त्यानंतर तुझ्या डाव्या हातात मी कुंचला पाहिला नाही, चमचा पाहिला नाही. मला वाटलं, चला, पोर वळणावर आली. सहा वर्षांनी तू गोटहार्डबरोबर गेलीस, आणि मग त्याच्या अक्षरातली कार्डं यायला लागली. उजव्या हाताने लिहिताना तुला घाम फुटायचा. मला ठाऊक होतं. तरी दर नाताळला मी शिव्या त्यालाच दिल्या. तो माणूस भला आहे, त्याला तसं सांग. हवेचं जरा कमी लिही म्हणावं.

सोमवारी मी हे सगळं फ्रॉयलाइनला सांगितलं, डॉक्टरदेखत. तिने केकचा घास खाल्ला, काठी दोनदा आपटली. मला वाटलं आता ती काठी माझ्यावर येते. आली असती तर बरं झालं असतं.

"तुझी मुलगी यायला नको म्हणाली, हे मी छत्तीस वर्षं खरं धरलं, झेन्झी. चित्राचं ठीक आहे. चित्रं मी पुढेही काढली. तसलं नंतर पुष्कळ केलं. पण ती रेघ मी किती वेळा काढून पाहिली. माझ्या उजव्या हाताला तो उतार सापडत नाही." मग डॉक्टरकडे वळली. "तीन तुकडे टांगायचे नाहीत. चौथा आला तर चार, नाही आला तर भिंत मोकळी ठेवा."

डॉक्टरने वही काढली. "रेघ कुणाची म्हणालात?"

"वाल्बुर्गा हास्लबेक, हॉलरीड," ती म्हणाली. त्याने तुझं नाव लिहिलं, आणि त्याच पानावर माझं होतं ते खोडलं. मी बघितलं. बरोबर केलं त्याने.

तर पिवळी रेघ तुझ्याकडे आहे, बुर्गल. तीस वर्षं तुझ्या स्वयंपाकघरात, भिंतीकडे पाठ आणि संताकडे तोंड करून. चारही पुठ्ठे एकाच मापाचे होते. वाल्बुर्गाला हिरवा बसला असता, निळा बसला असता. मी पिवळ्या रेघेचाच लावला. का, ते विचारू नकोस, तेवढं लिहायला मी शाळेत गेलेले नाही.

माफी मी मागत नाही. छत्तीस वर्षांनी मागितलेली माफी म्हणजे दगड झालेल्या पावाला लोणी, दात तेवढा पडतो. मी एवढंच म्हणते की चार चुका आहेत, लोणी लावायच्या सुरीनेही निघतात. डावीकडच्या दोन आधी काढ, उजवीकडच्या गंजल्या असतील. पुठ्ठा काढ, उलटा कर आणि बघ. मग तू गाडीत बस, किंवा संताला पुन्हा खिळ्यावर टांग. दहा तारखेला अजून वेळ आहे. तू आलीस तर स्टेशनवर मी येईन. नाही आलीस तर शनिवारी मी फ्रॉयलाइनला अंडी देईन आणि तसं सांगेन, तुझ्यावर काही न ढकलता.

तिन्ही तुकडे अजून माझ्या टेबलावर आहेत, जसे मी लावले तसे. डॉक्टर न्यायला बघत होता, मी दिले नाहीत. सायलेशियावाली आणि मी चुलीजवळ उभ्या राहून जेवतो. काल ती म्हणाली, "हास्लबेकबाई, हे नक्की आहे तरी काय?" मी म्हटलं, "हे कशाचं नाही. हेच आहे." तिला काही कळलं नाही. मग दोघी बराच वेळ बघत राहिलो, सूप गार झालं.

आई

उत्तर गोटहार्डने लिहायचं नाही. आफ्रानेही नाही. तू लिहायचंस, आणि डाव्या हाताने. अक्षरं उलटी आली तर येऊ दे, मला उलटं वाचता येतं.